दसऱ्याचं धुणं

"पुन्हा," आत्ती म्हणाली आणि ओली वाकळ माझ्या अंगावर लोटली.

मी येरळेच्या पात्रात गुडघाभर पाण्यात उभी होते. जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली वाकळ भिजली की मेलेल्या जनावरासारखी जड होते. आत्तीनं तिचं एक टोक उचलून नाकाशी धरलं होतं, डोळे मिटले होते आणि एवढा लांब श्वास घेतला होता की वाकळच आता काहीतरी बोलेल असं वाटावं.

"काय वास येतोय?" मी म्हणाले. "मला तर काय येत न्हाई."

"तुला कसा यील? ज्या घरात वाढलीस तिथल्या अंथरुणाला ह्योच वास. कुबट मारतीया अजून. राखंच्या पाण्यात बुचकळ, तुडीव, आन् मग दाव मला."

शेजारच्या दगडावर जनाकाकी आपल्या म्हाताऱ्याची धोतरं आपटत होती. आमच्या गल्लीतली सगळ्यात वयस्क बाई. ती हसली.

"बायजा, देवानं तुला नाक दिलंय का कुत्र्याचं गं?"

"कुत्र्याचं का असंना," आत्ती म्हणाली. "पावणा वाकळ पांघरून झोपतो आन् सकाळी म्हंतो, बायजाबाई, काय झोप लागली! ती ह्या नाकापायी."

मी वाकळ पायाखाली घातली आणि तुडवू लागले. पाणी पोटापर्यंत उडत होतं. वाकळेवर पाय पडत होते, पण मनात मी कुणाला तुडवत होते ते मला चांगलं माहीत होतं.

बायजाबाई ही माझी सासू. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. तिच्या घरच्या अंथरुणा-पांघरुणाची पंचक्रोशीत ख्याती होती, हे खरं आहे. राखेच्या पाण्यात काहिलीत उकळायचं, रिठ्याच्या फेसात तुडवायचं, वरच्या धारेच्या स्वच्छ पाण्यात खळबळायचं, तापल्या वाळूवर पसरून दोन्ही अंगांनी कडक वाळवायचं. उन्हातून काढलेली गरम वाकळ लगेच घडी घालायची नाही, आत घाम धरते. सावलीत निवू द्यायची, मग घडीत निरगुडीचा वाळका पाला आणि वाळ्याची चार मुळं घालून थप्पी लावायची. पुढं वर्षभर थप्पीतली कुठलीही वाकळ ओढा, ऊन आणि वाळा यांचाच वास. हे सगळं मी तिच्याकडून शिकले. आजही माझ्या घरात असंच होतं. शिकवणारीविषयी प्रेम असावंच लागतं असं नाही.

नवरात्रात घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं कापड असं धुवायचं, याला आमच्याकडे दसरा काढणं म्हणतात. घट परवा बसायचा होता. आणि माझी आई कुसळगावात अंथरुणाला खिळली होती.

तिचा सांगावा येऊन बरेच दिवस झाले होते. आय जेवत नाही, छबूला बघायचं म्हणते. मी आत्तीपुढं उभी राहिले होते तेव्हा ती रिठे फोडत होती.

"आत्ती, एक दिवस जाऊन येते. तोंड बगते आन् येते."

"दसरा कोण काढणार? थोरली सुली एकटी?"

"आल्यावर काढते की."

"आन् तिथं गेलीस आन् तिचं काय बरंवाईट झालं तर? सुतक घिऊन येशील. घट बसायचा न्हाई माझा." तिनं रिठा दगडानं ठेचला. "दसरा काढ. वाकळांची थप्पी लाव. त्या दिशीच गाडी जुंपून देते. बायजाबाईची जबान हाय."

मी नवऱ्याकडं पाहिलं. निवृत्ती नाव त्यांचं, मी मालक म्हणायची. ते दारात बसून बैलाची वेसण वळत होते. वळतच राहिले.

आत्तीची भीती खोटी नव्हती, तेही सांगते. माझं लग्न होण्याआधी एका वर्षी भावकीत कुणी गेलं, ऐन नवरात्रात सुतक आलं आणि घट बसला नाही. संक्रांतीच्या आत तिचा थोरला मुलगा विहीर खणताना दरड कोसळून गेला. ते तिच्या मनात जे बसलं ते बसलं. त्या मुलाची बायको सुलाबाई, माझी थोरली जाऊ. तिला मी आक्का म्हणायची. धुण्याच्या दिवशी आक्का वर दरडीवर, रस्त्याच्या कडेला चूल मांडून काहिलीखाली जाळ घालत होती. उकळलेलं कापड ती काठीनं उचलून खाली द्यायची, मी तुडवायची, आत्ती हुंगायची.

"पुन्हा."

"आत्ती, ऊन वर आलं. सगळ्या वाकळा अशा दोन-दोनदा धुवायला लागले तर मी जाणार कवा?"

"नीट धू, म्हंजी एकदाच धुवावी लागंल."

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली. वर एक माणूस सायकल धरून उभा होता. उन्हासाठी डोक्यावरून टॉवेल गुंडाळलेला, तोंड धड दिसत नव्हतं. आत्ती पदर खोचत दरड चढून गेली. मी खालून पाहत होते. तो काहीतरी बोलू लागला आणि आत्तीनं झटकन आपला हात त्याच्या तोंडापुढं धरला. मग त्याला बाजूला, बाभळीच्या आड घेऊन गेली. आक्का काहिलीपाशी काठी हातात धरून तशीच उभी. थोड्या वेळानं तो माणूस सायकलवर टांग टाकून आला तसा गेला.

आत्ती खाली आली.

"कोण व्हतं?"

"गुरांचा हेडी. बैल इकताय का म्हनून इचारत व्हता."

"मग हात का धरला त्याच्या तोंडापुढं?"

"तोंडाचा वास मारत व्हता. पिऊन आलता. तू हिकडं बग, पाण्यात बग."

मला राग आला. पोरगी आईसाठी तडफडते आहे, तिच्यासाठी गाडी जुंपायला वेळ नाही आणि हेड्याशी बाभळीखाली गप्पा मारायला वेळ आहे. मी वाकळ उचलून तिच्यापुढं केली.

"घ्या. घ्या वास."

तिनं वाकळ हातात घेतली. नाकाशी नेली नाही.

"झालं. टाक वाळत."

"वास न्हाई घेतला तुमी."

"घेतला म्हन. आन दुसरी."

आणि तिनं लुगडं गुडघ्यावर खोचलं, स्वतः पाण्यात उतरली आणि माझ्या बरोबरीनं तुडवू लागली. माझ्या लग्नापासून मी तिला धुण्याच्या पाण्यात पाय घालताना पाहिलं नव्हतं. पुढं एकही वाकळ परत आली नाही. चादरी, धडपी, कांबळी, देवाचं आसन, सगळं भराभर. मला वाटलं, बाईला पाझर फुटला. मला लवकर सोडावं म्हणून स्वतः राबते आहे. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं अजून माझ्या घशात अडकून आहे.

जनाकाकीलासुद्धा नवल वाटलं.

"बायजा, नाकाला सुट्टी का गं आज?"

"तू तुजी धोतरं बग."

"माझ्या धोतरांचं काय बघायचं! हा तंबाकूचा वास म्हातारा मेला तरी जायाचा न्हाई. वर गेला की चित्रगुप्त म्हनंल, आधी ह्ये धुऊन आणा, मग दार उघडतो!"

मी हसले. चांगली खदखदून हसले. पाण्यात तोल जाईस्तोवर. आत्तीनं माझ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली.

मोठ्या वाकळा पिळायला दोघी लागतात. एकीनं एका टोकाला, दुसरीनं दुसऱ्या टोकाला धरून उलटसुलट पीळ द्यायचा. आक्का खाली आली. ती रोज माझ्याशी बोलायची, त्या दिवशी गप्प. पीळ देता देता तिच्या हातून टोक सुटलं आणि वाकळ चिखलात पडली.

"आक्का! आता परत धुवायची का?"

"चुकलं बया."

"डोळं का लाल झाल्यात तुमचं?"

"राख गेली."

"दोनी डोळ्यात?"

"जाळापशी हुबं ऱ्हा म्हंजी कळंल," ती इतकी जोरात ओरडली की मी मुकाट्यानं वाकळ परत खळबळून आणली. आक्का माझ्यावर कधी ओरडत नसे. मला वाटलं, मी माहेरी जाणार, घरचं काम तिच्या एकटीवर पडणार, त्याचा हा राग. मीही मग रागानं पीळ दिला. वाकळेतून शेवटचा थेंब निघेस्तोवर.

डोक्यावर सूर्य यायच्या आत धुणं संपलं. नदीच्या वाळूवर आमच्या वाकळा पसरल्या होत्या. मी हातपाय धुतले आणि आत्तीपुढं गेले.

"झालं सगळं. जाऊ?"

"वाळल्याबिगर घडी न्हाई. घडीबिगर थप्पी न्हाई."

"आक्का वाळवतील की. वाकळ काय माझ्याच हातानं वाळती?"

"आज हिच्या एकटीच्यानं उलटवून व्हायच्या न्हाईत. अर्धवट वली ऱ्हायली तर सांजंला आंबूस वास धरंल. परत धुवायला यशील का कुसळगावास्नं? थप्पीला गाडी देते म्हनले व्हते. थप्पी लाव."

तिनं भाकरी सोडली. माझ्या हातावर दीड भाकरी ठेवली, वर ठेचा, वर कांदा फोडून. आमच्या घरात सुनांनी शेवटी जेवायचं. त्या दिवशी तिनं मला आधी वाढलं.

"खा. पोटभर खा. पुढं मिळंल न मिळंल."

मी खाल्लं. धुण्यानं भूक लागते. आणखी अर्धी मागून खाल्ली.

भादव्याचं ऊन कडक असतं. वाकळा उलटल्या, परत उलटल्या, गोळा करून आंब्याखाली निवत ठेवल्या. घड्या घातल्या. प्रत्येक घडीत निरगुडीचा पाला, वाळ्याची मुळं. मी एकही घडी वाकडी पडू दिली नाही. आत्तीला बोट ठेवायला जागा सोडायची नाही, असं ठरवलं होतं. ओझं गाडीत घालून घरी आलो. माजघरात देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर मी स्वतः थप्पी लावली. जवळजवळ माझ्या खांद्याएवढी झाली. सगळ्या घरात त्या धुतल्या कापडाचा वास भरला.

मी लुगडं बदलायला वळले तेवढ्यात अंगणातून हाक आली.

"छबू, भायेर ये. गाडीपशी."

मी बाहेर आले. मालक बैलांच्या पुढं कासरा धरून उभे होते. आत्ती अंगणाच्या टोकाला, बाभळीच्या फाट्यांच्या कुंपणाबाहेर उभी होती.

"लुगडं बदलून येते, आत्ती."

"असू दे. अशीच ये. अजून म्होरं ये. ह्या कुंपणाच्या भायेर ये."

मी गेले. ती दोन पावलं मागं सरली, मला शिवणार नाही इतकी.

"तुझी आय गेली," ती म्हणाली. "सकाळी सांगावा आला व्हता."

मला ते कळायला वेळ लागला. मी काय विचारलं असेन? मी विचारलं, "कुणाचा सांगावा?"

"तुमच्या आळीतला शिदू. सायकलवर आलता."

"तो हेडी व्हता."

"शिदू व्हता."

माझी मान फिरली. मालकांकडं पाहिलं. ते कासरा बोटांभोवती गुंडाळत होते.

"तुमाला ठावं व्हतं?"

"दुपारी कळलं," ते म्हणाले. "आई म्हनली, थप्पी हुं दे."

"मला का न्हाई सांगितलं?"

उत्तर आत्तीनं दिलं. तिच्या आवाजात शरम नव्हती. हिशोब नीट जुळलेल्या माणसाचा आवाज होता.

"लग्न झालेल्या लेकीला आईबापाचं तीन दिसांचं सुतक. पण कानावर येस्तोवर सुतक न्हाई. ही रीत म्या न्हाई काढली, वाडवडलांनी काढली. तू ऐकलं असतंस तर एका कापडाला हात लावता आला नसता तुला. आता ऐकलंस ते घराभायेर ऐकलंस. आत्ता गाडीत बस. तीन दिस तिकडंच काढ, न्हाऊन ये. घट बसंल, तुझं बी हुईल. कुणाचं काय बिगाडलं न्हाई."

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. कुसळगावात माझ्या भावालाही येत नव्हतं. सांगावा माणसाच्या तोंडूनच यायचा, आणि माणसाच्या तोंडापुढं हात धरता येतो.

"माती?" मी विचारलं. "माती झाली का?"

"झाली असंल."

"भाऊ माझ्यासाठी थांबला असंल. मला आणल्याबिगर उचलायचा न्हाई तो."

"दुपारपत्तूर थांबतो म्हनला व्हता. म्या सांगून धाडलं, थांबू नका म्हनावं. उगं मडं किती येळ ठेवायचं?"

"कुणाच्या नावानं सांगून धाडलं?"

तिनं बैलांकडं पाहिलं.

"आत्ती, कुणाच्या नावानं?"

"आता लेकीचाच निरोप मागत व्हता तो. म्हनले, छबूच म्हनली, थांबू नका." मग ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "तुझ्या पोटाची बी काळजी केली म्या. आधी सांगितलं असतं तर दिवसभर पाणी बी गेलं नसतं. म्हनून तर दुपारी पोटभर घातलं."

ती भाकरी माझ्या पोटात होती. दीड आणि वर मागून घेतलेली अर्धी. आई तिरडीवर होती आणि मी ठेचा बोटानं पुसून खात होते. आई तिरडीवर होती आणि मी धोतरावर हसत होते. कुसळगावात सगळे म्हणत असतील, आईला जाळा म्हणून पोरीनं निरोप धाडला, तिला धुणं होतं.

मी वळले आणि घराकडं चालू लागले.

"छबू!" आत्ती ओरडली. "तिकडं न्हाई! छबू, आत जाऊ नगं! सुतक हाय तुला!"

मी अंगण ओलांडलं, उंबरा ओलांडला, सोपा ओलांडला. माजघरात जाऊन थप्पीपुढं उभी राहिले आणि दोन्ही हातांनी तिला मिठी मारली. मग ओढली. सगळी थप्पी अंगावर आली, फळीवरून जमिनीवर, घड्या सुटल्या, निरगुडीचा पाला सगळीकडं उडाला. मी त्या ढिगावर बसले. एकेक वाकळ ओढून मांडीवर घेतली, तोंड पुसलं, हात पुसले, खाली टाकली, दुसरी घेतली. एकही सोडली नाही. देवाचं आसनही सोडलं नाही.

आत्ती सोप्यात येऊन थांबली होती. माजघराच्या दारातून आत यायची तिची छाती होत नव्हती.

"बाहेर ये गं बाई. अजून बी बाहेर ये. गाडी हाय, जा. जा तुझ्या आयकडं."

"कुटं जाऊ? जी बघायची व्हती तिची राख झाली. मी हितंच बसते. तीन दिस म्हनता ना? तीन दिस हितंच फेडते. तुमच्या वाकळांवर."

"निवृत्ती!" तिनं हाक मारली. "काढ हिला भायेर!"

मालक दारात आले.

"छबू, चल. आई म्हंती तर..."

"तुमी बोलू नका," मी म्हणाले. "ज्या दिशी बोलायचं त्या दिशी वेसण वळत बसला. आता आयुष्यभर वळा."

ते तिथंच थांबले. आत आले नाहीत, मागंही गेले नाहीत.

मला रडू येत नव्हतं. खरं सांगते, डोळे कोरडे ठणठणीत. राग एवढा होता की त्याच्यापुढं रडू उभंच राहीना. आईचा चेहरा आठवू म्हटलं तर आत्तीचा हात दिसायचा, शिदूच्या तोंडापुढं धरलेला.

मग आक्का स्वयंपाकघरातून आली. हातात काही नव्हतं. सरळ माझ्याकडं येऊ लागली.

"सुले!" आत्तीचा आवाज फाटला. "खबरदार. शिवशील तिला तर तुझं बी... सुले, घट बसला न्हाई त्या वरसाला तुझं काय झालं इसरलीस? माझा ल्योक गेला! तुझं कपाळ गेलं!"

आक्का थांबली. सासूकडं वळली. तिच्या तोंडून मी तिच्या नवऱ्याविषयी तोवर एक शब्द ऐकला नव्हता.

"घट बसला न्हाई म्हनून न्हाई गेलं ते, आत्ती," ती म्हणाली. "दरड ढासळली म्हनून गेलं. आदल्या रातीला पाऊस झालता. म्या म्हनले व्हते, आज उतरू नका. तुमी म्हनला, इहीर तशीच ठेवायची का."

आत्तीनं दाराची चौकट धरली.

आक्का येऊन माझ्याजवळ वाकळांच्या ढिगावर बसली. "मला सकाळपास्नं ठावं व्हतं गं छबू," ती म्हणाली. "माझ्या देखत सांगितलं त्यानं." आणि तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि हेल काढला.

आमच्याकडं मयताचं रडणं एकटीनं होत नाही. बाई बाईच्या गळ्यात पडते, गेलेल्याचं नाव घेते, सूर लावते, मग दुसरीला फुटतं. आक्कानं माझ्या आईचं नाव घेतलं. द्वारकाबाई गं माझे, लेकीची वाट बघून गेलीस गं, लेक तुझी नदीला गं. तिचा सूर एवढा मोठा होता की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. आणि माझ्या आतलं काहीतरी सुटलं. मी आईला हाक मारली. मग माझा हेल तिच्याहून मोठा झाला.

असा हेल कानावर आला की गल्लीतल्या बायकांनी हातातलं काम टाकून यायचं, ही रीत आहे. कोण, काय, हे मागनं विचारायचं. आल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाचे केस मोकळे. सकाळी नदीवर ज्या होत्या त्याच सगळ्या. माजघरात शिरून आमच्याभोवती बसत गेल्या, वाकळांवर बसत गेल्या, पाठीवर हात ठेवत गेल्या. जनाकाकी सगळ्यांच्या शेवटी आली, चौकटीला हात टेकत. आत्तीच्या बाजूला थांबली.

"कोण गेलं गं बायजा?"

आत्ती जमिनीवर सांडलेला निरगुडीचा पाला बघत राहिली.

"अगं कोण गेलं?"

"हिची आय."

"आरं द्येवा. आन् कवा?"

रडता रडता मला ते ऐकू आलं. आक्कालाही आलं असावं, तिचा सूर खाली गेला. बायका एकेक करून गप्प होऊ लागल्या. सगळ्यांना आत्तीचं उत्तर हवं होतं.

"सकाळी," आत्ती म्हणाली.

"सकाळी?" जनाकाकीनं विस्कटलेल्या वाकळांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. माझे हात पाण्यानं पांढरे पडून सुरकुतलेले होते. "आन् मग दिवसभर ह्या वाकळा कुणाच्या हातानं धुतल्यास?"

"तिला ठावं नव्हतं," आत्ती पुटपुटली. "तिच्या कानावर नव्हतं आलं. कानावर आल्याबिगर..."

"तिच्या न्हाई," जनाकाकी म्हणाली. "तुझ्या तर आलं व्हतं."

आत्तीनं पदर ओढून तोंडाला लावला आणि चौकटीतच खाली बसली. उंबऱ्यावर कुणी बसलेलं तिला एरवी चालत नसे. कुणी तिला उठवलं नाही. मीही तिच्याकडं पुन्हा पाहिलं नाही. माझी आई गेली होती आणि मला तिच्यासाठी रडायला आत्ता कुठं सुरुवात करता आली होती.